बर्फाखालचे भाऊजी

दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात कसले आवाज चाललेत हे अख्ख्या लालबागात एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस आमच्या भिंतीपलीकडे राहतो. ते माझे थोरले दीर. दक्षिणेकडचा त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास सावंतवाडीपर्यंतचा, तोही लग्नाच्या वऱ्हाडात. बर्फाशी ओळख म्हणाल तर फ्रिजच्या वरच्या कप्प्याइतकी. पण शास्त्रज्ञ ध्रुवाकडच्या समुद्रात मायक्रोफोन सोडतात आणि ते आवाज इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळतात, हा शोध भाऊजींना निवृत्तीनंतर लागला आणि आमची सकाळ बिघडली. मी दूध घ्यायला दार उघडावं, तर हे गॅलरीत हेडफोन लावून उभे. "वैशाली, वर वादळ आहे, पण बर्फ पक्का धरलाय. खाली एकदम सामसूम." मी म्हणते, "छान. नळ आलाय, पिंप भरून घ्या." ते वादळ कुठल्या सालचं, असं विचारलेलं त्यांना आवडत नाही.

त्यांचं शास्त्र मला आता झोपेतही म्हणता येईल. उघड्या समुद्रावर वारा लाटा उठवतो, म्हणून पाण्याखाली सतत खळबळ. वरून बर्फ धरला की समुद्रावर झाकण पडतं, वाऱ्याचा हात पाण्याला लागत नाही आणि खाली शांतता होते. पण बर्फ काही मुका नसतो. थंडी वाढली की तडकतो, लाद्या एकमेकींवर घासल्या की दारासारखा करकरतो, आणि हिमनगाचा जुना बर्फ वितळताना आत कोंडलेली हवा अशी फुटते की पापड तळल्यासारखं वाटावं. सगळ्यांत जास्त दंगा असतो तो बर्फाच्या काठावर, जिथे लाटा सुट्या तुकड्यांना एकमेकांवर आपटतात. हे पटवून देण्यासाठी भाऊजी उकळत्या आमटीवर झाकण ठेवतात, काढतात, पुन्हा ठेवतात. "माका सांग गो वैशाली," जाऊबाई मला विचारतात, "माझो घोव खयचो? बर्फातलो काय लालबागातलो?" चाळीच्या सेक्रेटरींचं वर्णनही भाऊजींनी याच शास्त्राने केलंय: "तो काठावरचा बर्फ आहे. धड पाणी नाही, धड लादी नाही, म्हणून आवाज जास्त."

एकदा त्यांना घेऊन मी परळला कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. येताना रसवंतीत बसलो. भाऊजींनी उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावायचा तो कानाला लावला आणि मालकाला म्हणाले, "पाच मिनिटं चरक बंद ठेवता का? बर्फ बोलतोय." मालकाने एकदा माझ्याकडे बघितलं. "काका, बिनबर्फाचा पाहिजे होता तर आधी सांगायचं ना!"

डॉक्टरांकडे जायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. भाऊजींची उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, गेली. तिथे साच्यांचा खडखडाट इतका, की माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची. ते ओठ वाचणं त्यांना अजून येतं, त्यामुळे आपले कान गेलेत हे त्यांनी घरात बरीच वर्षं लपवलं. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात, ते गेलेच आहेत. बाकीचेही हळूहळू जातील. कानाचं मशीन लावून बघितलं. भाऊजींनी ते दोन दिवसांत काढून ठेवलं. "शिट्टी येते यातून. पण ती मशीनची असते, सीलची नसते."

सगळं घोडं त्या सीलच्या शिट्टीवर अडलं होतं. बर्फाखालच्या शांततेत सील नावाचा प्राणी एक लांबलचक शिट्टी मारतो. ती खूप उंचावर सुरू होते आणि घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली खाली येते. भाऊजींना तिचा वरचा भाग ऐकू येईनासा झाला होता. त्यांनी एकच गोष्ट मनावर घेतली: उरलेलीही जायच्या आत ती शिट्टी एकदा चाळीला पूर्ण ऐकवायची. "चार माणसांनी ऐकली, म्हणजे आहे असं मला समजेल," ते म्हणाले.

आमच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो आणि संध्याकाळी कार्यक्रम. भाऊजी दरवर्षी व्याख्यान मागायचे आणि सेक्रेटरी दरवर्षी संगीत खुर्ची लावायचे. यंदा ठरलेला जादूगार ऐनवेळी आजारी पडला आणि त्याची पंधरा मिनिटं भाऊजींना मिळाली. फळ्यावरचं 'जादूचे प्रयोग' मात्र कुणी पुसलं नाही. त्यामुळे पहिल्या तीन रांगा पोरांनी भरलेल्या, आणि स्टेजवर पाण्याचा टब, टेबलफॅन आणि फुग्यात बांधलेला माइक बघून ती आधीच टाळ्या वाजवत होती.

बेत चांगला होता, हे मी मान्य करते. टबात माइक, पंखा म्हणजे ध्रुवावरचा वारा, आणि वर ठेवायला बर्फाची लादी. पण सुट्टीमुळे बर्फाचा कारखाना बंद. भाऊजींनी बाजारातल्या ओळखीच्या कोळणीकडून लादी आणली. ती त्यांनी कानाला लावून नीट तपासली होती. नाकाला लावली नव्हती.

पंखा सुरू झाला. स्पीकरमधून टबातल्या पाण्याचा खळखळाट आला. मग भाऊजींनी टबावर लादी ठेवली आणि काय सांगू, आवाज खरोखरच बसला. मांडव गप्प झाला. त्या शांततेत लादी कट्टकन तडकली तशी पोरं "ओऽऽ" करून ओरडली. भाऊजींचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा टाळी वाजवली. आणि नेमका तेव्हाच ध्रुवावरचा वारा लादीवरून फिरून पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

"मासळी!" सेक्रेटरी किंचाळले. "पूजेच्या मांडवात मासळीचा बर्फ!"

शिऱ्याचा द्रोण हातात धरलेले गुरुजी द्रोणासकट उठले. दहा-बारा नाकं कामाला लागली. "पापलेटचा आहे," कुणीतरी म्हणालं. जाऊबाईंना हे अज्ञान सहन झालं नाही. त्या मागच्या रांगेतून म्हणाल्या, "पापलेटाचो नाय रे, बांगड्याचो!" यावर मतभेद झाले, दोन तट पडले, आणि पूजेचं पावित्र्य बाजूला राहून लादीवर आदल्या दिवशी काय ठेवलं होतं याचीच चर्चा रंगली. एका पोराने विचारलं, "काका, आता मासा काढणार का?" या गलक्यात भाऊजींनी घाईघाईने सीलची शिट्टी लावली. स्पीकर पूर्ण मोठा होता. तरी ती कुणाच्या कानावर पडली नाही, कारण तोवर चौघांनी टब उचलला होता आणि सेक्रेटरी पुढे धावत रस्ता मोकळा करत होते.

मांडव रिकामा झाल्यावर मी खुर्च्या आवरायला घेतल्या. भाऊजी स्टेजच्या कडेला बसले होते. "वाजली का ती?" त्यांनी विचारलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. ते ओठ वाचतात, आणि चेहराही.

"वाजली असेल. ऐकली कुणी नाही."

त्यांनी मान हलवली आणि हेडफोन गुंडाळायला लागले. मी हातातली खुर्ची ठेवली. घरी पोळ्या व्हायच्या होत्या, पण पोळ्या रोजच असतात. "द्या इकडे," म्हटलं. हेडफोनचा एक कान मी घेतला, दुसरा त्यांना दिला, आणि फोनवरचं बटण दाबलं.

आधी काहीच नव्हतं. ही त्यांची सामसूम असावी. आणि मग फार वर, जवळजवळ टोचेल इतक्या बारीक आवाजात ती सुरू झाली. भाऊजींना ती येत नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आहे," मी म्हटलं. "अजून वरच आहे. थरथरतेय जरा. आता उतरायला लागली. उतरतेय... उतरतेय..."

त्यांनी डोळे मिटले.

"ही घ्या," मी म्हटलं. "खाली आली. आता तुमची."