चाचांच्या हातातला हात

औरंगपुऱ्यातल्या त्या बांगडीवाल्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. बांगडी चढवताना ते डोळे मिटून घेत आणि समोरच्या बाईचा हात हळूहळू दाबत राहत.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मी हसून होकार दिला होता. आई मला हिरवा चुडा भरायला घेऊन गेली.

"हात ढिला छोड, बेटा."

"ढिलाच आहे, चाचा."

आई कौतुकानं सांगत होती, "लई मोठं घर हाय. आता कॉलेज बंद, नुसतं राज्य करायचं." तेवढ्यात बांगडी कट्‌कन फुटली. दुसरी चढवताना आईनं पुन्हा कॉलेजचा विषय काढला. तीही फुटली.

"अगं बाई, अपशकुन!" आई पांढरी पडली.

चाचा डोळे न उघडताच म्हणाले, "कॉलेज बंद म्हटलं की मुठ्ठी बांधती ये. इसको पढने दो, ताई."

मी हाताकडं पाहिलं. बोटं सैल, उघडी होती.

आईनं घाबरून लग्न पुढं ढकललं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. चाचांचे ते उपकार मी विसरत नाही.

पण आजही कुणाला हसून "हो" म्हणताना मी आधी हाताकडं बघते. तो उघडाच दिसतो. तेव्हाही तसाच दिसला होता, पण चाचांच्या बोटांना त्यात मूठ लागली होती.