एडिटरमधली मांजर

मी ज्या एडिटरमध्ये कोड लिहिते त्याच्या तळाशी एक बारीक पट्टी असते. फाइल सेव्ह केलेली नसेल तर तिथे एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्याच्या जागी मी मांजरीचा इमोजी लावला आहे. सेव्ह केलं की मांजर जाते आणि तिच्या पावलांचे ठसे उरतात. ऑफिसात दिवसभर माझ्याकडे बघणारं तेच एक तोंड.

आज शेजारच्या टेबलावरची मृणाल जेवायला उठली आणि माझ्या खुर्चीमागे थबकली.

"अय्या, मांजर! नाव काय गं हिचं?"

"काही नाही, सेटिंग आहे," म्हणत मी घाईने स्क्रीनवर दुसरंच काहीतरी उघडलं.

"बरं, सेटिंगबाई, जेवायला येताय का?"

"तू हो पुढे."

ती हसली आणि गेली.

लहानपणी इंग्रजी शाळेतून घरी आले की सोसायटीतल्या मुलींशी मराठीत बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून बघायचे. ते जुळेपर्यंत त्यांचा खेळ बदललेला असायचा. आता मराठी अडत नाही, तरी उशीर तेवढाच होतो. एखाद्याला बोलण्याआधी इतकी तयारी का लागत असेल?

तिचं नाव पिठू आहे. हे वाक्य तयार झालं तेव्हा मृणालची खुर्ची रिकामी होती.

मी फाइल पुन्हा समोर आणली. पिठू तिथेच होती. काम संपलं होतं, तरी मी सेव्ह केलं नाही. डबा तिच्यासमोरच उघडला.