पाचवं पान

रविवार, १९ नोव्हेंबर १९७८. हजर : दामले सरांच्या पत्नी मालतीताई, कुलकर्णी पती-पत्नी, त्यांची मुलगी नंदिनी आणि उत्तरेतल्या या शहरातल्या मराठी मंडळाची चिटणीस म्हणून मी. सरांना जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि मुलांच्या मराठी पुस्तिकेतला त्यांचा पाठ चार पानांवरच अडला होता.

सर इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बदलीवर आलेल्या आमच्या लोकांची मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. त्यांच्यासाठी चेतापेशीवर सोपा पाठ लिहा, असं मीच सुचवलं. जूनमध्ये देतो म्हणाले. ऑगस्टमध्ये विचारलं तर म्हणे, "सेक्रेटरीबाई, पुस्तकातल्या आकृत्या खोट्या असतात. गाईच्या कण्यातली पेशी डोळ्याला दिसत नाही आणि तिचा तंतू पार पायात उतरतो. पेशी लिंबाएवढी धरली, तर तंतू अर्धा किलोमीटर. पानावर मावेल कसा?" म्हणजे अर्धा किलोमीटर सुतळी हवी. ती कोण आणणार? अर्थात मी.

सप्टेंबरात एका सकाळी आमच्या सेक्टरच्या सरळसोट रस्त्याकडेला त्यांनी लिंबू ठेवलं, सुतळी सोडली आणि तिच्यावर ठरावीक अंतराने मुलं उभी केली. तंतूच्या वेष्टणात फटी असतात, निरोप फटीफटीवरून उड्या मारत जातो. म्हणून मागच्याचा हात वर गेला की आपला वर करायचा, आणि खाली आणल्यावर पाच मोजेपर्यंत पुन्हा उचलायचा नाही. निरोप मागे फिरू नये म्हणून. मुलांना झटकन कळलं. मला तीनदा सांगावं लागलं, आणि सर तिन्ही वेळा हसले...

शेवटी नंदिनी. तिच्यापुढे मोकळी जागा, पलीकडे दुसरं लिंबू. "इथे पेशी पेशीला टेकत नाही. रसायन सुटतं आणि वासासारखं पलीकडे पोचतं," असं मला हळूच सांगून सर खिशात अत्तराची कुपी शोधू लागले. ती घरी राहिली होती. मुलांना म्हणाले, "पुढच्या रविवारी."

"निदान लिहून तरी द्या," मी म्हटलं.

"मुलांनी पाहिल्याशिवाय नाही."

माणसाने किती आडमुठं असावं! पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते, त्यापुढच्या रविवारी पाऊस, आणि मग ऑक्टोबर उजाडला...

नोव्हेंबरच्या त्या बैठकीत कुलकर्णी म्हणाले, "कुठल्याही पुस्तकातून उतरवून घ्या." नंदिनी म्हणाली, "आंटी, सर ने अगले संडे बोला था. दूसरे नींबू को पता कैसे चलता है?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. "दाखवीन," एवढंच म्हटलं. बैठकीत ठरलेल्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यांवर खुणा झाल्या आहेत. 'रविवार ठरवणे' यावर अजून नाही.