कुठल्या बोटीनं जाऊ?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझे यजमान विलायतेला गेले. ते बंगळूरला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि कंपनीनं त्यांना पुढच्या शिक्षणासाठी पाठवलं होतं. ते तिकडे खोली बघणार आणि मग मी मागाहून जायचं, असं ठरलं होतं. त्या काळी, म्हणजे साठ सालाच्या आसपास, विमानानं जाणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. विमानं बनवणाऱ्याची बायकोसुद्धा बोटीनंच जायची.

मी मल्लेश्वरमला सासू-सासऱ्यांजवळ राहत होते. सासरची मंडळी तीन पिढ्या बंगळूरची. घरात मराठी, पण तिच्यात कानडी असं मिसळलेलं की मला बेळगावची असूनही सुरुवातीला गंमत वाटे. सासूबाई भाजीवाल्याशीच काय, माझ्याशीही "जरा थांब"च्या ऐवजी "स्वल्प थांब" म्हणत.

यजमान मार्चमध्ये गेले आणि त्याच महिन्यात मला दिवस गेल्याचं लक्षात आलं. सासूबाईंना मी सांगितलं. त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इतक्यात कुणाला बोलू नको. मामंजींना तर नकोच. त्यांना कळलं तर ते तुला पाठवायचेच नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणतील."

माझं माहेर म्हणजे बेळगावला वडील आणि धाकटा भाऊ. आई मी शाळेत असतानाच गेली होती. तिथं माझं बाळंतपण कोण करणार होतं? आणि एकदा इथं राहिले की यजमानांना बाळ दिसायला तीन वर्षं लागणार होती. मी सासूबाईंचं ऐकलं.

मे महिन्यात यजमानांचं खोली मिळाल्याचं पत्र आलं आणि मामंजी कामाला लागले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, काहीही करायचं तर दहा जणांना विचारून करणारे. रोज संध्याकाळी ते कुणा ना कुणा विलायतेहून आलेल्या माणसाला गाठायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे. दोन बोटींमध्ये निवड करायची होती. एक इंग्रजी कंपनीची, मुंबईहून थेट लंडनला नेणारी. दुसरी इटालियन कंपनीची. ती लवकर पोचायची, पण इटलीत उतरवायची आणि तिथून पुढे आगगाडी.

"इंग्रजी बोटीवर वाढपी गोव्याचे असतात," मामंजी म्हणायचे. "कोंकणी बोलतात. दुपारी भात आणि कढीसारखं काहीतरी रोज मिळतं. पहाटे बिछान्यात चहा आणून देतात."

"आणि दुसरीवर?" सासूबाई विचारायच्या.

"तिथं सगळे इटालियन. मांसाशिवाय सूप नाही म्हणतात. पाण्याऐवजी दारू ठेवतात टेबलावर. खोल्यांना गार हवा आहे म्हणे, पण चार चार बायका एका खोलीत, आणि त्याही कुठल्या कुठल्या."

मामंजींचं ठरलंच होतं. एक दिवस ते मला घेऊन कँटोन्मेंटमधल्या एजंटाच्या ऑफिसात गेले. तिथल्या अँग्लो-इंडियन साहेबानं बोटीचा आडवा छेद दाखवणारं मोठं चित्र टेबलावर पसरलं. इंग्रजी बोटीत जागा सप्टेंबरअखेरीची होती. इटालियन बोट जुलैत निघत होती, पण तिच्यातली केबिन पार खाली, पाण्याच्या पातळीशी.

"जुलैत समुद्र खवळलेला असतो," साहेब म्हणाला. "सप्टेंबर उत्तम." मग सहज विचारावं तसं म्हणाला, "बाईंची तब्येत ठीक आहे ना? म्हणजे, बाळ वगैरे... सातवा महिना लागला की कुठलीच कंपनी घेत नाही. बोटीच्या जिन्यावरून परत पाठवतात."

"छे छे, तसं काही नाही," मामंजी म्हणाले.

मी चित्राकडे बघत बोटांवर महिने मोजले. सप्टेंबरअखेरीस मला आठवा लागलेला असणार होता. मामंजींनी सप्टेंबरची जागा सांगून ठेवली आणि आम्ही बसनं परत आलो. वाटेत त्यांनी मला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेऊन दिला. त्यांना काम झाल्याचा आनंद झाला होता. मी गजरा माळलाच नाही, हातात धरून बसले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सकाळी ओकारी यायची ती मी न्हाणीघरात नळ सोडून लपवायची. सप्टेंबरात पोट दिसेल आणि मुंबईच्या धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, मला परत पाठवतील, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आणि जुलैची बोट धरावी तर खवळलेला समुद्र, पाण्याखालची खोली आणि एकही शब्द न कळणारी माणसं. सासूबाईही घाबरल्या होत्या, पण त्यांचं एकच पालुपद होतं, "बघू, बघू."

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक अक्का राहायच्या. त्यांचे यजमान जवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञ. अक्का आमच्यातल्याच, मराठी घरातल्या, वय चाळिशीचं. जाताना इंग्रजी बोटीनं आणि येताना इटालियन बोटीनं प्रवास केलेल्या आमच्या भागातल्या त्या एकट्याच. त्यामुळे हळदीकुंकवाला बायका त्यांना मध्ये बसवायच्या आणि बोटीच्या गोष्टी सांगायला लावायच्या. अक्का फार छान सांगायच्या. इंग्रजी बोटीवरचा उकडलेला बटाटा रोज नवं नाव घेऊन कसा येतो, इटालियन बोटीवर शेवयांसारखं लांबच लांब काहीतरी वाढलं आणि त्यांनी दूध-साखर कशी मागितली, हे ऐकून बायका हसून हसून लोळायच्या.

एक दिवस दुपारी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. सासूबाईंना लोणच्याची बरणी आणायला जाते म्हणून सांगितलं होतं. अक्का मधल्या खोलीत शेंगा सोलत होत्या.

"अक्का, मला बोटीचं विचारायचंय," मी म्हटलं.

"जेवणाची काळजी करू नको गं. दही मागायचं, फळं मागायची. दोन्हीकडे देतात."

"जेवणाचं नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि उठून बाहेरचं दार लोटून आल्या. "कितवा?" त्यांनी विचारलं.

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. सप्टेंबर, जुलै, मामंजी, सगळं. अक्का ऐकत राहिल्या. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज हळदीकुंकवातला नव्हता.

"जाताना मलाही दिवस होते," त्या म्हणाल्या. "एडनच्या पुढे गेल्यावर गेलं ते."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"बोटीचा काही दोष नव्हता. डॉक्टर लगेच आला. चांगला होता. बोटीवर छोटंसं इस्पितळ असतं, तिथं मला नेलं. पांढरी चादर, पांढऱ्या भिंती. सगळं वेळच्या वेळी. बायकांच्या आणि पुरुषांच्या खोल्या वेगळ्या, म्हणून आमचे हे ठरल्या वेळीच येऊ शकायचे. बाकी मी एकटी पडून. इतकं व्यवस्थित होतं गं सगळं, की कुणी नुसतं बसलं नाही माझ्याजवळ."

"आणि येताना?"

"येताना मला नुसता ताप आला होता. साधा. ती इटालियन बाई, खोल्या झाडायला यायची ती, जाडजूड. काम टाकून माझ्या बिछान्याशी बसली. मला रागावत होती, काय ते मला एक अक्षर कळलं नाही. पण कपाळावर हात ठेवून बसली होती. तेव्हा मी पहिल्यांदा रडले, आधीच्यासाठी." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "आता मी तुला इटालियन बोटच घे म्हणून सांगत नाही. दुसरीवर तुला भली बाई भेटेल, हिच्यावर भेटणारही नाही. कोण जाणे. पण लपवून जाऊ नको. काही झालं तर कुणाला तरी माहीत असायला हवं की तुला दिवस आहेत."

मी बरणी घेऊन घरी आले. शहाणपण मिळायच्या ऐवजी भीती दुप्पट झाली होती. बाळ वाटेत जाऊ शकतं, हा विचार तोपर्यंत मी केलाच नव्हता. तरी "लपवून जाऊ नको" हे त्यांचं वाक्य मनात घट्ट बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. सासऱ्यांपुढे असं काही बोलायची पद्धत नव्हती. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "मामंजी, सप्टेंबरच्या बोटीत मला घेणार नाहीत. मला तेव्हा आठवा असेल."

वर्तमानपत्र त्यांच्या हातात तसंच राहिलं. आतून सासूबाई भांडं घेऊन धावत आल्या आणि दारातच थबकल्या. मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग इथंच राहायचं. प्रश्नच नाही."

"मला जायचंय," मी म्हटलं. आवाज इतका चिरका निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. "जुलैच्या बोटीनं. डॉक्टरांना विचारून. लपवून नाही."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. सासूबाईंनी आणि मी ताटं झाकून ठेवली. दिवस मावळताना ते परतले. शर्ट घामानं भिजलेला. खुर्चीवर टेकले आणि सासूबाईंना म्हणाले, पण ऐकवायचं मला होतं, "एजंटाकडे गेलो होतो. इटालियन बोटीवर डॉक्टर आहे, नर्सही आहे. पाचव्यात घेतात, लेडी डॉक्टरची चिठ्ठी लागते. खालचा बर्थ देतो म्हणालाय. केबिनमधून घंटा दाबली की बाई येते, हे मी दोनदा विचारून घेतलं." मग म्हणाले, "भात मिळत नाही म्हणाला. सरी, चालेल, भातावाचून कुणी मरत नाही."

लेडी डॉक्टरनं तपासून चिठ्ठी दिली. यजमानांना तार गेली, ते इटलीत बंदरावर घ्यायला येतो म्हणाले. मामंजी मला पोचवायला मुंबईपर्यंत आले. गाडीत, बेळगाव सोडल्यावर, पोटात काहीतरी मासोळीसारखं हललं. मी कुणाला सांगितलं नाही, नुसती खिडकीकडे तोंड करून बसले.

मुंबई सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून बोट लागली. माझ्या खोलीत एक गुजराती आजी, एक शाळामास्तरीण आणि एक गोरी मिशनरी बाई होत्या. चौघी चार बर्थवर आडव्या. खोलीला खिडकी नव्हती. गार हवेच्या भोकातून एक गोडसर वास यायचा, रंगाचा की तेलाचा कोण जाणे, त्यानं पोट ढवळून निघायचं. आणि पोटातली मासोळी हलायची थांबली. मी हात ठेवून वाट बघत राहायची. समुद्राचा हेलकावा कुठला आणि आतला कुठला, काही समजेना.

शेवटी मी घंटा दाबली. आली ती जाडजूड नव्हती, काटकुळी होती, केस पिकलेले, आणि चेहरा कंटाळलेला. मी पोटाकडे बोट दाखवलं आणि हातानं "हलत नाही" असं केलं. तिचा कंटाळा क्षणात गेला. ती डॉक्टरला घेऊन आली. त्यानं लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकवला आणि कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग बोटानं बर्थच्या कडेवर टकटक वाजवून दाखवलं. भरभर, अगदी भरभर. मला आधी कळलंच नाही. त्या बाईनं माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मग माझ्या पोटावर. तेव्हा कळलं.

त्यानंतर ती रोज कोरडे टोस्ट आणि लिंबू घेऊन यायची आणि मी खाईपर्यंत हलायची नाही. तिला घाई असायची, ती हसायचीही नाही, पण उभी राहायची. एडन गेलं, तांबडा समुद्र लागला, तशी मी उठून जेवणघरात जाऊ लागले. त्या लांब शेवया खरोखरच होत्या. नुसतं लोणी आणि चीज घालून दिल्यावर चांगल्या लागायच्या. भाताची आठवण मात्र रोज यायची.

मुलगी नोव्हेंबरात लंडनला झाली, धुक्यात, धडधाकट.

ती तीन वर्षांची झाल्यावर आम्ही परतलो ते इंग्रजी बोटीनं. जुनी बोट, पंख्याची हवा, पण खोलीला गोल खिडकी होती. मनात अक्कांचं बोलणं घेऊनच मी चढले होते आणि पहिले काही दिवस मुलीला नजरेआड होऊ दिलं नाही. पण आमचा गोव्याचा स्टुअर्ड भला निघाला. सकाळी चहा आणायचा, मुलीला दूध, आणि तिला खांद्यावर घेऊन डेकवर डॉल्फिन दाखवायला न्यायचा. दुपारचा भात मी आधाशासारखा खाल्ला.

बंगळूरला स्टेशनवर सगळे आले होते, अक्काही. त्यांनी मुलीला उचलून घेतलं आणि तिचे गाल, हात, पाय चाचपून बघत राहिल्या, बाजारात फळ बघावं तशा. मुलगी अनोळखी हातांना घाबरून रडायला लागली, तरी त्यांनी तिला लगेच खाली ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी मल्लेश्वरमच्या घरात मुलगी झोपेना. पलंग हलत नाही म्हणून रडत होती. बोटीची सवय झालेली. मामंजींनी तिला कडेवर घेतलं आणि व्हरांड्यात पावलं मुद्दाम डुलवत चालू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचा श्वास लागायला लागला होता. मी म्हटलं, "मामंजी, द्या माझ्याकडे."

"स्वल्प थांब," ते म्हणाले, "आत्ताच डोळा लागतोय."