मागचे उजवे चाक

गल्लीतले लोक त्यांना वैद्य म्हणत. हे नाव चेष्टेतून पडले असले, तरी त्यातली चेष्टा केव्हाच विरून गेली होती. गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली की बॉनेट उघडण्याआधी वैद्य डोळे मिटत. मग लांब दांड्याचा पेचकस इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि मालक काय सांगतो आहे त्याकडे साफ दुर्लक्ष करायचे, अशी त्यांची तपासणीची रीत होती. "गाडी बोलतेय ना? मग तुम्ही कशाला बोलताय?" असे ते गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावत. एकोणचाळीस वर्षे हा कान चालला. त्याच्या जोरावर शाळेच्या अकरा लहान बसगाड्यांची देखभाल त्यांच्याकडे आली. दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक बस स्वतः फिरवून 'रस्त्यावर आणण्यास योग्य' या ओळीखाली सही करणे, हा त्यांच्या वर्षातला सर्वांत मानाचा दिवस असे.

त्या सहीवरच घरात वाद उभा राहिला होता. गेली सहा वर्षे मुलगी त्यांच्यासोबत गॅरेजमध्ये काम करत होती. दोन महिन्यांपूर्वी वैद्यांनी ठीक म्हणून सोडलेली एक बस फाटकातून बाहेर पडत असताना तिने आडवे होऊन थांबवली होती.

"बाबा, शीळ ऐकली नाहीत?"

"कसली शीळ?"

चाक उतरवल्यावर ब्रेकचे पॅड झिजून संपलेले निघाले. पॅड संपत आले की चालकाला कळावे म्हणून बसवलेला पातळ पत्रा चकतीला घासत होता आणि बारीक शीळ घालत होता. रस्त्यावर भोंगे वाजत होते, असे वैद्य म्हणाले. मुलीने त्या दिवशी वाद घातला नाही. पण मोटारींच्या शर्यतीसाठी वैद्यांना परदेशी निघायला आठ दिवस उरले असताना ती हात पुसत समोर येऊन उभी राहिली.

"यंदाच्या तपासणीआधी कान दाखवून घ्या. नाहीतर सह्या मी करीन."

"माझे कान तपासायला डॉक्टर लागतो?"

"जाड आवाज तुम्हांला माझ्याआधी येतात, बाबा. बारीक निसटतात."

"शर्यत ऐकून येतो, मग बोलू," असे म्हणून वैद्यांनी विषय मिटवला. मनाशी मात्र त्यांनी ठरवून टाकले, की या प्रवासात कानाची परीक्षा आपणच घ्यायची, आणि निकाल घेऊनच घरी यायचे. निकाल काय लागणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सोबतीला दोन मित्र होते. एक समोरच्या दुकानातला टायरवाला आणि दुसरा चार दारे सोडून गाड्यांना रंग मारणारा रंगारी. तिघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्यतीच्या रविवारी रंगाऱ्याच्या दुकानाचे शटर अर्धे ओढून, थिनरच्या वासात टीव्हीसमोर बसायचे, हा नेम एकोणीस वर्षे चुकला नव्हता. शर्यत एकच, पण ती तिघांची तीन तऱ्हेची होती. चारही चाके अडीच सेकंदांत बदलली जातात तेव्हा टायरवाला श्वास रोखून धरी. उन्हात गाडीच्या अंगावरून प्रकाश कसा घसरतो यावर रंगारी तासभर बोलू शके. वैद्य मात्र टीव्हीकडे पाठ करून बसत. हा डबा आवाजाचे भरीत करतो, अशी त्यांची तक्रार होती. अखेर रंगाऱ्याच्या जावयाने तिघांचे पासपोर्ट ताब्यात घेतले, परदेशातल्या शर्यतीची तिकिटे हातात ठेवली आणि "आता तरी शटर पूर्ण लावा," म्हणून हात जोडले.

शनिवारी उद्याच्या शर्यतीतले क्रम ठरवण्यासाठी गाड्या एकेक करून धावत होत्या. तिघांची बसायची जागा वळणाच्या तोंडाशी होती. पहिली गाडी गेली तेव्हा बाकाची फळी मांडीखाली थरथरली आणि रंगाऱ्याची टोपी उगीचच त्याच्या हातात आली. शेजारच्या बाईंनी कानात घालायचे बोळे पुढे केले. वैद्यांनी ते नम्रपणे परत केले. "जेवायला बसून तोंड शिवून घ्यायचं का?" असे ते मराठीतच म्हणाले, आणि बाईंनी हसून मान डोलावली.

मग त्यांनी डोळे मिटले.

"हा वळणाआधी गिअर लवकर खाली घेतो. निळी असणार."

"निळीच!" रंगारी ओरडला.

"आता येतोय तो उशिरा घेतो, धाडसी आहे. पिवळी."

"पिवळी! अरे, पापणीआडून बघतोस काय?"

टायरवाल्याने स्वतःचा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. पाच गाड्या गेल्या आणि पाचही निदाने बरोबर आली. वैद्यांनी रुमाल सोडवून घडी करून परत दिला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा उजळला होता. संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन करून मोजके तीनच शब्द ऐकवले, "पाचपैकी पाच. ठेवतो."

रविवारी शर्यत दुपारी दोनला होती. मुक्कामाची जागा ट्रॅकपासून चाळीस किलोमीटरांवर, म्हणून तिघे भाड्याच्या गाडीतून अकरालाच निघाले. टायरवाला गाडी चालवत होता, वैद्य त्याच्या शेजारी बसले होते आणि मागे खाण्याच्या पिशव्यांसकट रंगारी. रस्ता शेतांमधून जात होता आणि मोकळा होता. पंधराएक किलोमीटर झाल्यावर रंगाऱ्याने पिशवी खाली ठेवली.

"मागून काहीतरी वाजतंय रे."

"तुझं पोट," टायरवाला म्हणाला.

"चेष्टा नाही. डास कानाशी आल्यासारखं. उजवीकडून."

टायरवाल्याने खिडकी खाली करून वेग कमी केला. "हो. मलापण येतंय."

दोघेही वैद्यांकडे बघू लागले. वैद्यांनी डोळे मिटले. इंजिनाची लय त्यांना ऐकू आली, रस्त्याची घरघर ऐकू आली, खिडकीतून शिरणारा वाराही ऐकू आला. डास मात्र नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा, अधिक सावकाश, सगळे आवाज तपासून पाहिले.

"काही नाही," ते म्हणाले. "नवे टायर आहेत, ते गातात."

टायरवाल्याने आरशात रंगाऱ्याकडे पाहिले, काच वर केली आणि वेग वाढवला. आणखी वीस किलोमीटर कोणीच त्या आवाजाचे नाव काढले नाही.

शेवटी बोलले ते रंगाऱ्याचे नाक. "थांबव. ग्रीस जळतंय!"

कडेला गाडी उभी राहिली. मागच्या उजव्या चाकाजवळ नेलेला हात वैद्यांनी झटकन मागे घेतला, इतकी त्याची धग होती. चाक जरा निवू दिल्यावर टायरवाल्याने सवयीने जॅक लावून ते वर उचलले. वैद्य गुडघ्यांवर बसले. एका हाताने त्यांनी चाक फिरवले आणि दुसऱ्या हाताची बोटे त्यामागच्या स्प्रिंगवर ठेवली. कानाला जे कळले नव्हते ते बोटांना पहिल्याच फेऱ्यात कळले. मऊ फिरण्याऐवजी आत वाळू दळली जात असल्यासारखी खरखर स्प्रिंगमधून वर चढत होती.

"बेअरिंग गेलंय. कधीच जायला लागलं होतं."

चाक फिरत फिरत थांबले. टायरवाला रस्त्याकडे बघत उभा होता. वैद्यांची नजर नकळत समोरच्या टायरच्या खाचांवर गेली. खाचा अर्ध्याच उरल्या होत्या.

"हे टायर नवे नाहीत," वैद्य म्हणाले.

"नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"सकाळी गाडीत बसायच्या आधीच बघितलं होतं. सवय आहे."

"मग मी नवे म्हणालो तेव्हा बोलला का नाहीस?"

टायरवाला ओशाळून हसला. "तू म्हणालास म्हणून मला ते नवे वाटले. खरंच सांगतो. मीच चुकीचं बघितलं असेन, असंच वाटलं."

आयुष्यभर टायरांत हात घातलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला टायर वैद्यांच्या एका वाक्यावर नवा मानला होता, आणि त्या भरवशावर तीन जीव वीस किलोमीटर धावले होते. वैद्यांना त्या क्षणी मुलीने अडवलेली बस आठवली. त्या बसच्या चालकालाही शीळ ऐकू आली असणार. तोही म्हणाला असणार, वैद्यांनी बघितलंय ना, मग झालं.

"कालचा दणदणाट, रे," रंगारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "बोळे घातले नाहीस. कान बसले असतील. दोन दिवसांत सुटतील."

सबब अगदी हाताशी होती, आणि ती देणारा मित्रही मनापासून बोलत होता. वैद्यांनी ग्रीसचे हात गवताला पुसले.

"बसची गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची आहे. तेव्हा कुठे होता दणदणाट?" ते उठून उभे राहिले. "माझा बारीक आवाज गेलाय. पोरगी बरोबर होती."

हे वाक्य उच्चारायला जितके जड जाईल असे त्यांना वाटले होते, तितके गेले नाही. चुकलेले निदान ते गिऱ्हाइकांना नेहमी याच आवाजात सांगत आले होते.

भाड्याने गाडी देणाऱ्यांना फोन झाला. बदली गाडी यायला दीड तास लागणार होता. वैद्य थोडे दूर जाऊन कुंपणाच्या खांबाला टेकले आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"सह्या तू कर," ते नमस्कार-चमत्काराशिवाय म्हणाले.

"काय झालं? सगळे ठीक आहात ना?"

"ठीक आहोत. बेअरिंग किंचाळत होतं, मला ऐकू आलं नाही. या दोघांना येत होतं. मी नाही म्हणालो, तर त्यांनाही यायचं बंद झालं."

"बाबा..."

"ऐकून घे. तुझ्या सहीनंही लोक असेच डोळे मिटतील. त्याची सवय लावून घेऊ नकोस, आणि त्यांनाही लावू देऊ नकोस. बसच्या चालकाला आधी विचारायचं, तुला काय ऐकू येतं? मी त्याला कधी बोलू दिलं नाही."

"गुरुवारी सकाळी साडेदहाला कानाचे डॉक्टर आहेत," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता, पण मुद्दा सुटला नव्हता. "तुम्ही निघालात त्याच दिवशी वेळ घेऊन ठेवलीय."

"मला न विचारता?"

"तुम्ही गाडीला विचारून बॉनेट उघडता का?"

वैद्य इतक्या मोठ्याने हसले की गाडीपाशी थांबलेले दोघे दचकले. "आणि बेअरिंग कसं ओळखलंत?" तिने विचारले. त्यांनी स्प्रिंगवरच्या बोटांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हे मला कधी शिकवलं नाहीत."

"कान होते तोवर गरज पडली नाही. गुरुवारी डॉक्टरकडून आल्यावर पहिल्या बसचं चाक वर घे, दाखवतो."

परत येऊन त्यांनी मित्रांना निर्णय सांगितला. टायरवाल्याने विचारले, "मग आता तू काय करणार?"

"काम करणार. हात आहेत, नजर आहे, जाड आवाज आहेत. फक्त शेवटचा शब्द माझा नाही."

"घरी तरी कधी होता?" रंगारी म्हणाला.

दोन वाजता टेकडीपलीकडून एक लांब, जाडसर गर्जना आली. शर्यत सुटली होती. तिघांनी रस्त्याच्या कडेला गवतात बसून ब्रेडचे तुकडे वाटून घेतले आणि न दिसणाऱ्या गाड्यांवर वाद घातला. पुढे कोण असेल हे वैद्य आवाजावरून सांगत होते, आणि बाकीचे दोघे, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, ते मान्य करत नव्हते.

सव्वादोनला ओढगाडीच्या पाठीवरून बदली गाडी उतरली. अजून निम्मी शर्यत हाती लागण्याजोगी होती आणि टायरवाल्याचे अडीच सेकंद त्याची वाट बघत होते, म्हणून तो किल्ली घेऊन आत उडी मारायच्या बेतात होता. वैद्यांनी त्याला थांबवले. गाडी सुरू करून सावकाश शंभर पावले पुढे न्यायला सांगितली, दोन्ही खिडक्या उघडायला लावल्या आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. रंगाऱ्याला त्यांनी पुढे बसवले.

"बोल," शंभर पावले झाल्यावर ते म्हणाले. "काय ऐकू येतंय?"

असा प्रश्न वैद्य कोणाला विचारतील, हे रंगाऱ्याच्या कधी स्वप्नातही आले नव्हते. त्याने मान तिरकी केली, डोळे मिटले आणि हातातला ब्रेडही चावायचा थांबवला. दोघे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काही नाही," तो अखेर म्हणाला. "पण माझ्या एकट्यावर जाऊ नका. टायरवाल्या, तूही ऐक."

टायरवाल्याने गाडी आणखी शंभर पावले पुढे नेली.