भिंगबाईचं स्टूल

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. कॉलरवरून अंगठा फिरवला की सुटलेला टाका तिला सापडलाच म्हणून समजा. तिथं लाल कागदाचा बाण चिकटवायचा आणि शर्ट परत पाठवायचा. बावीस वर्षं हेच काम, आणि तेही उभ्यानं.

कंबर मात्र सहा वर्षांपासून जिवावर उठली होती. दुखणं रोजचं, पण रोज सारखं नाही. कधी मोजे घालायलाही लेकीला हाक मारावी लागे, तर कधी दोन-दोन दिवस काही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तीन अर्ज दिल्यावर एकदाचं स्टूल मिळालं. साहेबांचा आव तर असा, जणू स्वतःची खुर्चीच काढून दिली!

बसून तिचा हात जास्त चालू लागला. ते कुणाला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की एका बऱ्या दिवशी शेजारणीच्या हातून गठ्ठा पडला आणि भिंगबाईनं वाकून तो उचलला. वर हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी स्टूल गायब.

"साहेब, माझं स्टूल?"

"काल तर टुणटुणीत होतात की, बाई."

"काल बरं होतं. आज नाही."

"असं कसं? काय ते एक ठरवा. दुखतंय तर दिसायला नको?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाणांची अख्खी पट्टी त्यांच्यापुढे आपटून म्हणावं, कुठं चिकटवू ते तुम्हीच दाखवा! पण घर तिच्याच पगारावर चाललेलं. आठवडाभर ती दात आवळून ताठ उभी राहिली. कण्हायची लाज वाटे.

"लाज कसली बाळगतेस?" थोरली बहीण करवादली. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

सोमवारी कंबर अगदी हलकी होती. भिंगबाई झपाझप कारखान्यापर्यंत आली. दाराशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि लंगडत आत शिरली. दुसऱ्यांची खोट काढणाऱ्या बाईला स्वतःचीच शरम वाटत होती.

साहेब लगबगीनं उठले. स्वतःच्या हातानं स्टूल आणून ठेवलं.

"बसा, बसा. फार दुखतंय का हो?"

सहा वर्षांत कारखान्यात हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. आणि नेमकं आजच काही दुखत नव्हतं.

"फार," ती म्हणाली आणि बसली.