जावयाची मशीन

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद पाहिजे, असं बँकेतल्या निरोप समारंभात प्रत्येक वक्त्यानं सांगितलं होतं. मी ते नको तितकं मनावर घेतलं. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घराला लागून गाडीसाठी पत्र्याची शेड आहे. गाडी बाहेर रस्त्यावर उभी करू लागलो आणि शेडमध्ये सुतारकाम मांडलं. चौरंग, किल्ल्या टांगायच्या फळ्या, पाखरांची घरं असं काहीबाही. हातातल्या ड्रिलनं पाडलेली भोकं मात्र हमखास तिरपी जायची. मी केलेला पहिला स्टूल बायकोनं स्वयंपाकघरात एक दिवस वापरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवून तो अंगणात नेला. मला ते फार झोंबलं.

भोक सरळ पडायचं तर टेबलावर उभी बसवायची ड्रिल मशीन पाहिजे, हे मला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं. दोन महिने मी तेच पाहत होतो. सकाळी बगिच्यात फिरायला आमचा चार-पाच निवृत्तांचा गट असतो. त्यात एक इंजिनिअर आहेत, मौद्याच्या वीज केंद्रातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर मी चक, स्पिंडल, पुली असे शब्द सहज टाकू लागलो. ते मान हलवायचे आणि मला बरं वाटायचं.

आता जे सांगायचं ते सांगतोच. माझ्या बायकोचे मोठे भाऊ, ज्यांना मीसुद्धा दादाच म्हणतो, ते कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात उभं आयुष्य ड्रिल मशीनवरच होते. निवृत्त होऊन तिथेच राहतात. मशीन घ्यायची तर फोन पहिल्यांदा त्यांना जायला हवा होता. बायको दोनदा म्हणाली, "दादाले विचारा ना एकदा." मी म्हटलं, विचारू, विचारू. विचारलं नाही. बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालेल्या माणसानं कारखान्यातल्या कामगाराला काय विचारायचं, हे मी मनातल्या मनातसुद्धा शब्दांत म्हटलं नव्हतं. पण होतं तेच. आज मागे पाहिलं की मला माझा राग येतो, तो इथूनच सुरू होतो.

मशीन मी दादांच्याच गावावरून, बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून आणली. त्यांच्या घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर, आणि त्यांना न सांगता. जुनी होती पण दणकट. चार माणसांनी ती टेम्पोतून उतरवली, मी वायर जोडली, बटण दाबलं, आणि मशीन नुसती हुंकार देत राहिली. फिरेना. कॉलनीतला वायरमन आला, त्यानं मोटर पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. कारखान्याची मोटर, तिला थ्री-फेज वीज लागते, घरच्या साध्या लाइनवर ती चालणार नाही. व्हिडिओवाल्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. निदान मी तरी ते ऐकलं नव्हतं.

शेवटी बायकोनंच फोन केला. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडवर हजर, मागे अवजारांची पिशवी. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, दांड्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "जिनस चांगली आणली जवाईबापू. मोटर का, बदलून घेऊ."

मोटर बदलण्यापासून सगळं त्यांनी केलं. ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून घरच्या लाइनवर चालणारी मोटर आणली. लोखंडी अँगलचं टेबल जोडलं, त्याच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले. मशीन बसल्यावर मला वाटलं झालं काम, पण त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्यांनी एक तार वाकवली, चकमध्ये, म्हणजे ड्रिलचं पातं धरणाऱ्या जबड्यात पकडली आणि चक हातानं हळूहळू फिरवत तारेचं टोक टेबलावर चहूबाजूंनी सारखं टेकतं का ते पाहत बसले. टोकाखाली कागदाचा कपटा सरकवायचा, बोल्ट किंचित सैल करायचा, टेबल केसभर हलवायचं, पुन्हा कपटा. एक अख्खी दुपार त्यात गेली. मी दोनदा म्हणालो, दादा, एवढं कशाला, मला काय विमानाचे भाग बनवायचे आहेत?

"भोक कशाचं बी असो," ते म्हणाले, "सरळ म्हणजे सरळ."

निघताना मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. लाकूड शिकंज्यात घट्ट पकडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हातानं धरून भोक पाडायचं नाही, तुकडा केवढाही असो. मी हो हो म्हणालो. लहान मुलाला सांगावं तसं सांगतात, असंही मनात आलं.

खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. दादांना मी आग्रहानं बोलावलं, यात माझा चांगुलपणा होता असं मी स्वतःला सांगत होतो. त्यांनी येऊन मशीन रॉकेलनं पुसून काढली, तेल दिलं, हळद-कुंकू लावलं, खांबाला लाल नाडा बांधला आणि वरच्या डोक्यावर झेंडूचा हार घातला. नारळ माझ्या हातून फोडवला. म्हणाले, "मालकाचा मान असते." मग हात जोडून उभे राहिले ते बराच वेळ. त्यांच्या कारखान्यात या दिवशी प्रत्येक कामगार आपापली मशीन सजवायचा आणि दिवसभर एकही मशीन चालायची नाही, असं बायकोनं मला सांगितलं. माझ्या घरात इतकी वर्षं येणाऱ्या माणसाबद्दल हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी फिरण्याचा गट आला. मीच बोलावलं होतं. मशीन दाखवायची होती, दुसरं काय. दादा साध्या बनियन-पायजम्यात होते, हाताला अजून तेल होतं. ते सगळ्यांना नारळ-साखर वाटू लागले. इंजिनिअर मशीनजवळ वाकले, चक हातानं फिरवून पाहिलं, टेबलाला बोट लावलं आणि म्हणाले, "वा! अलाइनमेंट फर्स्ट क्लास. कोणी करून दिलं?"

दादा माझ्या डाव्या हाताला, प्रसादाची ताटली घेऊन उभे होते. इतके जवळ की ताटलीतला खोबऱ्याचा वास मला येत होता.

मी म्हणालो, "मीच केलं. थोडा वेळ लागला, पण जमलं."

हे म्हणताना मला कचरल्यासारखंही झालं नाही. "आणि हे?" एकानं दादांकडे पाहून विचारलं. "हे आमच्या घरचेच. मदतीला येतात." दादांनी ताटली त्यांच्यापुढे केली.

इंजिनिअर म्हणाले, "चालवून दाखवा की मग."

"आज नाई चालवत जी," दादा पहिल्यांदा बोलले. "आज तिचा आरामाचा दिवस असते."

इंजिनिअर हसले, मोठ्यानं नाही, पण हसले. आणि मला लाज वाटली. माझ्या खोटेपणाची नव्हे, दादांच्या बोलण्याची. त्यांच्या 'आरामाच्या दिवसाची', त्यांच्या बनियनची. मला वाटलं, आता मी आधुनिक माणूस आहे हे दाखवलंच पाहिजे. सागाची एक पट्टी उचलली, टेबलावर ठेवली, डाव्या हातानं दाबून धरली. शिकंजा बाजूलाच पडला होता. हार मशीनच्या डोक्यावर तसाच होता, आणि तो वर आहे, त्याचं काय होणार, असं मला वाटलं.

"जवाईबापू, थांबा. हार काढू द्या," दादांचा आवाज आला. मी ऐकला. हे मला लिहायचंच आहे: मी तो स्वच्छ ऐकला आणि बटण दाबलं.

पट्टीत भोक पडायला लागलं आणि मशीनच्या हादऱ्यानं हार खाली घसरला. त्याचा दोरा फिरत्या चकनं ओढून घेतला. झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे उडाल्या. मी दचकून पट्टी सोडली, आणि सुटलेली पट्टी ड्रिलबरोबर गरगर फिरू लागली. ती माझ्या पोटावर बसायची, पण दादांनी मला खांद्यानं ढकललं आणि हात घालून बटण बंद केलं. पट्टी त्यांच्या हातावर बसली. अंगठ्याच्या मुळाशी कातडी उघडी पडली आणि रक्त टेबलावर गळू लागलं.

इंजिनिअर माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे झालं कसं?"

त्या वेळी मला खरं बोलायची एक संधी होती. दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "मी दादांना सांगितलं होतं, आधी हार काढून ठेवा म्हणून."

दादा दुसऱ्या हातानं मनगट घट्ट दाबून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला पुढचे दिवस सोपे गेले असते. मग ते इंजिनिअरांना म्हणाले, "हो जी. माह्याच ध्यानातून गेलं."

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलं, अंगठा चालेल. दादा हट्टानं संध्याकाळच्या बसनं गावी गेले, मोपेड आमच्याकडेच राहिली. रात्रीच्या जेवणाला बायकोनं मला वाढलं आणि स्वतः बसली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "दादानं तुमाले आवाज दिला होता. मी दरवाज्यातून आयकला." मी घास गिळला. तिनं पुढे काही विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती भांडी आवरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायच्या निमित्तानं कळमेश्वरला जायचं आणि दादांची माफी मागायची, असं मी ठरवलं. नुसती त्यांच्याजवळ नाही, घरच्यांसमोर मागायची. वाटेत वाक्यंही जुळवली. बायको बरोबर होती, तिला काही सांगितलं नाही. करून दाखवू, असा माझा विचार होता.

घरी पोचलो तर ओसरीवर दादांच्या कारखान्यातले तिघे जुने सोबती सोनं द्यायला आलेले. दादांचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. मला पाहताच ते उठले, स्वतः खुर्ची पुढे केली. "हे आमचे जवाई," त्यांनी सोबत्यांना सांगितलं. "बँकेत मॅनेजर होते. आता घरीच वर्कशॉप टाकलं. ड्रिल मशीन आणली अन् पुरी यायनं स्वतःच्या हातानं बसवली."

तिघांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मग त्यातला एक, दात पडलेला म्हातारा, दादांच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "अन् तू काहून हात घालून बसला गा? एवढ्या वर्षांत मशीननं तुले कधी ओरखडा नाई काढला. आपण नव्या पोरांले तुह्याच नावाचा दाखला देत होतो."

"वय झालं आता," दादा म्हणाले. "ध्यान राहत नाई."

"म्हातारा झाला बे हा," दुसरा म्हणाला आणि तिघं हसले. दादाही हसले. ती थट्टाच होती, पण दादांचं हसू लवकर संपलं आणि ते पट्टीची गाठ चाचपत राहिले. आयुष्यभर जे नाव त्यांनी कमावलं होतं ते त्यांनी माझ्यासाठी, माझ्यासमोर, आपल्या लोकांच्या हाती देऊन टाकलं.

माझी वाक्यं घशापर्यंत आली होती. "दादा, खरं म्हणजे—" मी सुरुवात केली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत आशा होती, हे मी शपथेवर सांगतो.

"चहा घ्या जवाईबापू, थंडा होऊन राहिला," दादा म्हणाले.

मी कप उचलला. चहा संपला तेव्हा विषय कापसावर गेला होता, आणि मी तो परत आणला नाही.

निघताना मी आपट्याची पानं त्यांच्या डाव्या हातात ठेवली. आमच्याकडे सासरची माणसं जावयाच्या पाया पडतात, वयानं मोठा मेहुणासुद्धा. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत. आजवर दर दसऱ्याला ते वाकायला लागले की मी "अहो दादा, काय हे" म्हणत त्यांना वरच्या वर धरायचो. त्या दिवशी पट्टीचा हात छातीशी धरून ते एकाच हातानं वाकले, सोबत्यांच्या देखत. मला हलताच आलं नाही. त्यांची बोटं माझ्या पायांना लागली.